बियाणं उगवलंच नाही, तर कायदा काय देतो?

प्रश्न : बियाणे कायदा बदलायचा, असं संसदेत कितीदा तरी बोललं गेलं. १९६६ चा कायदा अजून का चालतो? त्यात एवढं जुनं काय आहे?
*सोयाबीन उत्पादक, लातूर जिल्हा*

सगळ्यात जुनं झालंय ते कलम १९, शिक्षेचं. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड. पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज सोयाबीनच्या एका बॅगेलाच त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. पण आमच्या मते खरी उणीव निराळी आहे. दंड सरकारजमा होतो. दुबार पेरणीचं बियाणं, खत, मजुरी आणि हातचा गेलेला वाफसा यांची भरपाई शेतकऱ्याला कोणी द्यायची, याबद्दल या कायद्यात एक ओळ नाही.

दुसरी फट अशी की उगवणशक्ती आणि शुद्धतेची बंधनं फक्त अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या वाणांना लागू होतात. प्रमाणीकरणही ऐच्छिक आहे. त्यामुळे बाजारात दोन प्रकारचा माल येतो : निळ्या टॅगचं प्रमाणित बियाणं, आणि कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेलं सत्यतादर्शक बियाणं.

बदलाचा मोठा प्रयत्न डिसेंबर २००४ मध्ये झाला. राज्यसभेत आलेल्या त्या विधेयकात प्रत्येक वाणाची नोंदणी सक्तीची होती आणि दंड पाच ते पंचवीस हजार होता. खासदारांच्या कृषीविषयक स्थायी समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. पुढे किमतीवर नियंत्रण कोणाचं आणि भरपाई कोण ठरवणार, यावर ते अडलं. राज्यसभेत मांडलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी रद्द होत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं.

प्रश्न : म्हणजे आज बियाणं फेल गेलं तर हात चोळत बसायचं?
*शेतकरी, वाशीम जिल्हा*

मुळीच नाही. वाट आहे, ती ग्राहक आयोगाची. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. शेतकऱ्याने सगळं बियाणं पेरलेलं असतं, तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. बियाण्यासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात फी लागत नाही.

दावा टिकतो तो कागदावर. म्हणून पुढच्या गोष्टी पेरणीच्या दिवसापासूनच सांभाळा.

पक्कं बिल घ्या. त्यावर वाण, लॉट नंबर, वजन आणि तारीख हवीच. असं बिल देणं १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. बॅग वरून न उसवता खालच्या बाजूने उघडा, म्हणजे टॅग आणि शिवण शाबूत राहते. मूठ-दोन मुठी बियाणं त्याच बॅगेत ठेवा. कायद्याने सक्ती नसली तरी उपयोगी पडतं.

पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. सात-आठ दिवसांनी धड कोंब आलेले दाणे मोजा. सोयाबीनला सत्तर ही किमान पातळी आहे. घरचं बियाणं असेल आणि साठच उगवले, तर एकरी ३० किलोऐवजी ३५ किलो पेरा. विकतच्या बियाण्यात साठ आले, तर पेरूच नका. बॅग आणि बिल घेऊन दुकान गाठा.

उगवण कमी दिसली की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन दाण्यांत ५ सेंमी अंतर असेल, तर एका मीटरमध्ये वीस दाणे पडतात; सत्तर टक्क्यांनी चौदा रोपं दिसायला हवीत. शेताच्या चार-पाच ठिकाणी मीटर लावून मोजायला लावा आणि आकडे पंचनाम्यात लिहून घ्या. नुसतं ‘उगवण विरळ’ असा शेरा घेऊन घरी जाऊ नका. दावे तिथेच पडतात.

कंपनीचा ठरलेला बचाव असतो : पेरणी खोल झाली, पाऊस अपुरा होता. सोयाबीन पाच सेंमीपेक्षा खोल गेलं आणि वर पपडी धरली, तर चांगलं बियाणंही वर येत नाही, हे खरंच आहे. म्हणून पेरणीची खोली, तारीख आणि मंडळातला पाऊस पंचनाम्यात नोंदवा. त्याच लॉटचं बियाणं शेजारच्या शेतातही उगवलं नसेल, तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. दोघांनी मिळून तक्रार करा.

प्रश्न : नवा कायदा आला तर घरचं बियाणं पेरायला, विकायला बंदी येईल का?
*वाचक, अहिल्यानगर जिल्हा*

हा हक्क वेगळ्याच कायद्यात आहे : वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, कलम ३९. शेतमाल आणि त्यातलंच बियाणं राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणं, सगळ्याला मुभा आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. २००४ च्या विधेयकात मात्र शेतकऱ्याने विकलेल्या बियाण्यालाही किमान उगवण आणि शुद्धतेची अट घातली होती. तिच्यावर आक्षेप आले, आणि ते रास्तच होते. कुठलाही नवा मसुदा हाती आला की शेतकऱ्यांना सूट देणारं कलम आधी उघडा आणि त्याला जोडलेलं ‘मात्र’ने सुरू होणारं वाक्य दोनदा वाचा. दिलेली सूट त्या वाक्यात परत घेतलेली असते.

प्रश्न : आमच्यासारख्यांनी सूचना कुठे पाठवायची? कोण वाचतं का?
*शेतकरी गटाचे सचिव, यवतमाळ जिल्हा*

दोन टप्प्यांवर संधी मिळते. मंत्रालय मसुदा जाहीर करतं तेव्हा. कायदा करण्याआधी लोकांची मतं घेण्याच्या २०१४ च्या सरकारी धोरणाप्रमाणे त्यासाठी किमान तीस दिवस मिळायला हवेत. आणि विधेयक स्थायी समितीकडे गेलं तर समिती जाहिरात देऊन निवेदनं मागवते. जाहिरातीत दिलेली भाषा आणि मुदत पाळा. समितीकडे जाणं मात्र बंधनकारक नाही. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाताच मंजूर झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत चर्चेविना रद्दही झाले. म्हणून पहिला टप्पा चुकवू नका.

निवेदन दोन पानांत बसवा. कलम क्रमांक, आत्ताचा मजकूर, तुम्हाला हवा असलेला मजकूर आणि कारण, एवढंच. ‘शेतकऱ्यावर अन्याय होतो’ यावर समितीला काही करता येत नाही. ‘पंचनाम्यानंतर अमुक दिवसांत उत्पादकाने भरपाई द्यावी आणि तिच्यात बियाण्याच्या किमतीसोबत मशागतीचा खर्चही धरावा’ हे वाक्य मात्र दुरुस्ती म्हणून जसंच्या तसं मांडता येतं. त्याची एक प्रत तुमच्या खासदारांना द्या. बियाण्याचे किती नमुने नापास झाले आणि किती खटले निकाली निघाले, हे तारांकित प्रश्नातून विचारायची विनंती करा. त्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर पूरक प्रश्नही विचारता येतात.