उडत्या टॅक्सी ‘पुढच्या वर्षी येणार’ असं दरवर्षी ऐकतो. नेमकं अडतंय कुठे? पुणे-मुंबई कधी?

उडण्यात फारसं काही अडलेलं नाही. जोबी या अमेरिकन कंपनीचं यंत्र 2023 च्या नोव्हेंबरात मॅनहॅटनच्या हेलिपोर्टवरून उडालं, 2025 च्या जूनमध्ये दुबईत पायलट बसवून उडालं. अडतंय ते कागदावर. मी विमानदेखभालीत काम करतो, त्यामुळे अशा बातमीतला व्हिडिओ सोडून आधी प्रमाणपत्राचं काय झालं ते बघायची खोड लागली आहे.

शहरावरून प्रवासी नेणाऱ्या अशा यंत्रासाठी युरोपची अट ऐका: जीवघेणा बिघाड अब्ज उड्डाणतासांत एकदाही होण्याची शक्यता नको. हे दाखवायचं तर प्रत्येक मोटार, प्रत्येक बॅटरीपेटी, सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती तपासून द्यावी लागते. शिवाय हे धड हेलिकॉप्टर नाही आणि धड विमानही नाही: सरळ वर उठतं, मग पंखे पुढे वळवून विमानासारखं जातं. त्यामुळे नियमही नव्याने लिहावे लागले. अशा यंत्रांच्या पायलटांचं प्रशिक्षण आणि उड्डाणं यांचे नियम अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने 2024 च्या ऑक्टोबरात काढले. उबरने मात्र 2016 मध्येच उडत्या टॅक्सींचा मोठा आराखडा मांडला आणि पुढे 2023 ची तारीखही सांगून टाकली होती! 2020 संपता संपता उबरचा तो विभागच जोबीकडे गेला.

पॅरिसची गोष्ट तर प्रत्येक गुंतवणूकदाराने पाठ करावी अशी आहे. जर्मनीच्या व्होलोकॉप्टरला 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये प्रवासी न्यायचे होते. प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही, मग व्हर्सायला प्रवाशांशिवाय एक प्रात्यक्षिक झालं आणि डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लिलियम ही दुसरी जर्मन कंपनी त्याआधीच, ऑक्टोबरात, त्या वाटेला लागली होती. प्रमाणपत्राची वाट बघताना शेकडो इंजिनिअरांचे पगार चालू असतात आणि तिकिटाचा एक रुपया येत नाही.

चीनचा ईहँग पुढे आहे. त्यांच्या दोन आसनी, पायलटविना उडणाऱ्या यंत्राला 2023 च्या ऑक्टोबरात प्रमाणपत्र मिळालं, 2025 च्या मार्चमध्ये व्यावसायिक उड्डाणांचा परवानाही. पण पल्ला 30 किलोमीटर, आणि सुरुवात पर्यटकांना फिरवून आणण्यापासून. ऑफिसला पोचवणारी टॅक्सी ती अजून नव्हे.

दुसरी अडचण बॅटरीची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. वजनाला वजन धरलं तर विमानाच्या इंधनात बॅटरीच्या चाळीसपट तरी ऊर्जा असते. इंधन जळत जातं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. त्यात सर्वांत जास्त वीज खाणारे क्षण दोन, उठताना आणि उतरताना. म्हणजे उतरताना बॅटरी संपत आलेली असते आणि नेमकी तेव्हाच जास्त ताकद लागते. खालची जागा मोकळी नसेल तर दुसरीकडे जाण्यापुरता साठाही राखून ठेवायचा. म्हणून जाहिरातीतला पल्ला आणि रोजच्या फेरीचा पल्ला यांत बरंच अंतर पडतं.

यातून तुमच्या पुणे-मुंबईचं उत्तर निघतं: ही यंत्रं त्या मार्गासाठी नाहीतच. जोबीचा कमाल पल्ला साधारण 160 किलोमीटर सांगतात. घाट, पावसाळा आणि राखीव साठा धरला तर हाती फार उरत नाही. त्या मार्गावर ब्लेड या कंपनीने 2019 मध्ये हेलिकॉप्टरं आणली होती, तेच तिथलं योग्य वाहन. आणि ते किती लोकांना परवडलं, हेही तुम्ही पाहिलंच असेल.

दुबईचा बेत हिशेबात बसतो, कारण तो छोटा आहे. विमानतळ, पाम जुमेरा, डाउनटाउन, मरीना अशा चारच जागा. विमानतळ ते पाम दहा मिनिटं, मोटारीने पाऊण तास. रस्तेवाहतूक प्राधिकरणाने जोबीला सहा वर्षांचा एकाधिकार दिलाय, प्रवासी सेवेचं लक्ष्य 2026 चं. पायलटसोबत चार प्रवासी, म्हणजे भाडं मेट्रोशी नाही, आलिशान गाडीशी स्पर्धा करणार.

भारतात इंडिगोमागच्या इंटरग्लोबने 2023 मध्ये आर्चर या अमेरिकन उडत्या टॅक्सीच्या कंपनीबरोबर दिल्लीच्या कनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत नेण्याचं जाहीर केलं, तेही 2026 चं लक्ष्य ठेवून. माझा अंदाज विचाराल तर त्या तारखेवर मी पैज लावणार नाही. मूळ देशात प्रमाणपत्र झालं की मग आपली विमानवाहतूक नियामक संस्था डीजीसीए ते तपासणार, आणि दिल्लीच्या आकाशात निर्बंधही कमी नाहीत. मुंबईत नवी मुंबई विमानतळ ते दक्षिण मुंबई हा मार्ग कागदावर छान दिसतो, पण अटल सेतूने त्यातली निम्मी हवा आधीच काढून घेतली आहे.