कॅमेऱ्यात सूज दिसली, मग तुकडे कशाला काढले?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. वय ४४. दीड वर्षापासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, दोन घास खाल्ले तरी पोट गच्च. गेल्या महिन्यात एंडोस्कोपी केली, जठर खालच्या बाजूला लाल दिसतंय म्हणाले आणि पाच ठिकाणचे तुकडे बायोप्सीला पाठवले. कॅन्सरची शंका आहे का? तेव्हापासून नीट झोप नाही. रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी आढळले नाहीत' असं लिहिलंय. पॅन्टोप्राझोल मी रोज घेते, तपासणीच्या आदल्या दिवशीपण घेतली होती.

उत्तर: ताई, आधी झोपेचं बघू. बायोप्सी म्हटलं की सगळ्यांना कॅन्सरच आठवतो, पण जठराची जुनी सूज आहे की नाही हे पक्कं कळतं ते बायोप्सीतूनच. कॅमेऱ्याला फक्त वरचा रंग दिसतो, आणि लाल दिसलेलं जठर कधीकधी मायक्रोस्कोपखाली ठीक निघतं, तर एकदम गुळगुळीत गुलाबी दिसणाऱ्या जठरात वर्षानुवर्षांची सूज सापडते. पाच तुकडे ही तर ठरलेली पद्धत आहे, खालच्या भागातून दोन, मधल्या वळणावरून एक, वरच्या मोठ्या भागातून दोन, कारण सूज सगळीकडे सारखी नसते, एच. पायलोरी या जठरातल्या जंतूंची बहुतेक वेळा खालून सुरू होते आणि शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटतं तेव्हाची वरच्या भागात असते, त्यात पुढे व्हिटॅमिन बी-१२ कमी होतं. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काम नीट केलंय.

आता रिपोर्ट. 'गॅस्ट्रायटिस' म्हणजे जठराची सूज, 'क्रॉनिक' म्हणजे जुन्या सुजेच्या पेशी दिसल्या, 'ॲक्टिव्ह' म्हणजे त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे ताज्या सुजेतल्या पांढऱ्या पेशी, पण आहेत, सूज अजून चालू आहे. आणि अशी चालू सूज दिसली की पहिला संशय एच. पायलोरीवरच जातो, म्हणून 'आढळले नाहीत' यावर माझा लगेच विश्वास बसत नाही. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी चालू असली की हे जंतू कमी होतात, जागा बदलतात, आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गोळी निदान २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असायला हवी होती, हे तुम्हाला आधी कोणीतरी सांगायलाच हवं होतं, मला याचं खरंच वाईट वाटतं. पण लगेच परत एंडोस्कोपीची गरज नाही. डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा (अल्सर असेल किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर मनाने अजिबात नको) आणि २ आठवड्यांनी श्वासाची युरिया टेस्ट नाहीतर शौचाची अँटिजेन टेस्ट करून घ्या. जंतू निघाले तर अँटिबायोटिकचा कोर्स, आणि तो संपल्यावर कमीत कमी ४ आठवड्यांनी तीच टेस्ट परत, जंतू गेले की नाही ते बघायला.

रिपोर्टमध्ये 'ॲट्रोफी' (जठराच्या ग्रंथी झिजणं) किंवा 'इंटेस्टिनल मेटाप्लेशिया' (जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं) हे शब्द आहेत का तेवढं बघून ठेवा. असतील तरी तो कॅन्सर नव्हे, पण मग पुढची एंडोस्कोपी कधी करायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावं लागेल.