बारावीला बायोलॉजी नव्हती. एमबीबीएसची वाट बंद झाली का?

जुलैत एक आई आणि मुलगी आमच्याकडे प्रवेशाच्या समुपदेशनाला आल्या. मुलीची राज्य मंडळाची बारावी झालेली, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि सोबत बायोलॉजीऐवजी घेता येणारा कम्प्युटर सायन्सचा बायफोकल (व्यवसायाभिमुख) विषय. अकरावीत बायोलॉजी सोडली कारण तेव्हा इंजिनिअरिंग ठरलं होतं. आता ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. आईचा पहिलाच प्रश्न, "आता पुन्हा अकरावीपासून बसवायचं का हिला?"

नाही, ताई. बसवायची गरज नाही.

ही भीती हवेतून आलेली नाही. अकरावी-बारावी दोन्ही वर्षं प्रात्यक्षिकांसह नियमितपणे बायोलॉजी शिकलेली असावी, अशी अट पूर्वी होती. अतिरिक्त विषय म्हणून नंतर दिलेली बायोलॉजी चालत नसे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये सूचना काढून हे बदललं. मान्यताप्राप्त मंडळाची बारावी झाल्यावरही बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केली, तरी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा देता येते. फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्रजी हे विषय लागतातच. ते या मुलीकडे होते. वयाचं म्हणाल तर प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. मात्र ही सूचना एमबीबीएसची आहे. डेंटल किंवा आयुर्वेदही डोळ्यांसमोर असेल, तर त्या-त्या परिषदेचा नियम वेगळा वाचावा.

मग विषय द्यायचा कुठून? राज्य मंडळात याला 'तुरळक विषय' म्हणतात. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचा अर्ज साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरला जातो. दुसरा मार्ग एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, तिथे एकेका विषयाला प्रवेश मिळतो. तो घेतलात तर अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं पाहिलं जातं. कागदपत्रं तपासताना एक गुणपत्रिका बाहेरच्या राज्यातली निघाली, तर नसता वाद उभा राहतो.

आम्ही या मुलीला तुरळक विषयाचा मार्ग सुचवला. त्यात घोडं अडतं ते प्रात्यक्षिकावर. बायोलॉजीचे 70 गुण लेखी, 30 प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी होते आणि ती देताना प्रमाणित केलेली प्रयोगवही लागते. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून, चेपून स्लाइड करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या, हे चित्र पाहून येत नाही. पहिल्या तीन-चार स्लाइड्स जाड होतात, पेशी एकावर एक चढतात, काही म्हणजे काही दिसत नाही. हात बसायला महिना-दोन महिने लागतात. म्हणून अर्जाची तारीख येण्याची वाट न पाहता जुलैतच जुन्या कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारायला सांगितल्या: तुरळक विषयाचा अर्ज तुम्ही भरून द्याल का, आणि प्रयोगशाळेत बसू द्याल का? एक जरी 'नाही' आलं, तरी दुसरं कॉलेज शोधायला वेळ उरतो. नोव्हेंबरात कळलं तर वर्ष गेलं.

आईच्या मनात गुणांचाही घोळ होता. "नीटला निम्मे म्हणजे 720 पैकी 360 लागतात ना?" टक्के आणि पर्सेंटाइल ही गल्लत आम्ही दर आठवड्याला ऐकतो. खुल्या वर्गाला 50 पर्सेंटाइल लागतं, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या वर असणं. हा आकडा 2023 मध्ये 137 गुणांवर होता, 2025 मध्ये 144 वर. पण त्याने हुरळू नका. त्या गुणांवर नाव फक्त पात्रतेत येतं. सरकारी कॉलेजची जागा त्याच्या कितीतरी वर असते.

बारावीची टक्केवारी मात्र वेगळी. आयुर्वेदासारख्या अभ्यासक्रमांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के लागतात, म्हणजे 300 पैकी 150. मुलीचे फिजिक्सला 58, केमिस्ट्रीला 61, बेरीज 119. बायोलॉजीत 31 पुरले असते, पण उत्तीर्ण व्हायलाच 35 लागतात. म्हणजे तिला ही चिंताच नाही. ज्याचे 40 आणि 44 आहेत, त्याला मात्र बायोलॉजीत 66 काढावे लागतील. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये.

खरं आव्हान नीटचं आहे. 180 पैकी 90 प्रश्न बायोलॉजीचे, तेही अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचे, आणि हिने दोन्ही वर्षांचं पुस्तक उघडलेलं नाही. बोर्डाची बायोलॉजी आणि नीट एकाच वर्षी देता येते, मात्र प्रवेशाच्या वेळी उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका हातात हवी. आमचं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी बोर्ड व्यवस्थित उरकावं, मे महिन्यातली नीट सरावासाठी द्यावी आणि पूर्ण जोर पुढच्या वर्षी लावावा. प्रयत्नांना मर्यादा नाही.

जाताना मुलीने विचारलं, "मग बी.एस्सी. आजच सोडू का?" नको. तुरळक विषयाचा अर्ज स्वीकारला गेल्याची पोच मिळेपर्यंत तरी नको. आणि सोडशील तेव्हा दाखला, बारावीची मूळ गुणपत्रिका परत घेऊन ये. प्रवेशफेरीत मूळ कागद लागतात, आणि बायोलॉजीची गुणपत्रिका वेगळी येणार असल्याने दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेव.