डर्टी पेज ट्रॅकिंग: आधी एवढंच कर

डर्टी पेज ट्रॅकिंग, म्हणजे गेस्टने (व्हर्च्युअल मशीनने) मेमरीची कोणती पानं बदलली याची नोंद, डोक्यात शिरत नाही म्हणालास. पीएमएल (इंटेल प्रोसेसरची बदललेली पानं नोंदवायची सोय) आणि डर्टी रिंग (बदललेल्या पानांची गोल यादी) यांपासून सुरुवात केलीस, म्हणून गोंधळ उडालाय. ते दोन्ही महिनाभर बाजूला ठेव. केव्हीएमचा (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) साधा बिटमॅप आधी हाताखालून जाऊ दे.

कल्पना सोपी आहे. मेमरी स्लॉटवर (गेस्टला दिलेल्या मेमरीच्या तुकड्यावर) लॉगिंगचा फ्लॅग लावला की, पीएमएल नसताना, केव्हीएम पानं फक्त वाचण्यापुरती ठेवतं. गेस्टने लिहायला हात घातला की फॉल्ट येतो (प्रोसेसर अडवून केव्हीएमला कळवतो), त्या पानाचा बिट १ होतो आणि लिहायची मुभा मिळते. ४ केबीच्या पानाला एक बिट, म्हणजे ४ जीबी गेस्टला जेमतेम १२८ केबीचा बिटमॅप.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- चालू गेस्टची मेमरी दुसरीकडे हलवताना आधी पान कॉपी, मग बिटमॅप. हे उलटं आहे! 'गेट डर्टी लॉग' ही केव्हीएमची आज्ञा बिटमॅप देते आणि तिथल्या तिथे पुसतेही. कॉपी झाल्यावर पण पुसण्याआधी गेस्टने लिहिलं, तर तो बदल गेलाच. आधी बिटमॅप घे, मग कॉपी कर. मी यात दोन रात्री घालवल्यात. चूक दहा वेळा चालवल्यावर एकदा दिसायची.
- क्यूईएमयूने (केव्हीएम वापरून गेस्ट चालवणारा प्रोग्राम) स्वतः गेस्टच्या मेमरीत लिहिलेलं या बिटमॅपमध्ये येत नाही. त्याची नोंद क्यूईएमयू वेगळी ठेवतं.
- लॉगिंग लावल्यावर गेस्ट मंदावला तर घाबरू नकोस. मोठी पानं ४ केबीच्या हिशोबाने तुटतात, फॉल्ट वाढतात.

आज फक्त एक पान लिहिणारा चिमुकला गेस्ट चालव आणि नेमका तोच बिट पेटतो का ते बघ. अडलास तर कोड इथे टाक.