घरातल्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग कधी टिकलंय का?

तुमचा प्रश्न असा : बँड आहे, गाणी तयार आहेत, मोठ्या स्टुडिओचं भाडं परवडत नाही, मित्राच्या घरातली एक खोली मिळतेय. अशा घरगुती स्टुडिओतून नाव घेण्यासारखं काही बाहेर पडलंय का, की सगळी हौसच?

पडलंय, आणि तेही भरपूर. मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण ‘इनर इअर’ या अमेरिकेतल्या स्टुडिओचं आहे.

वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की पलीकडे व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन लागतं. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉन झिएन्टारा यांनी राहत्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग सुरू केलं. स्वतः गिटार घेऊन लोकगीतं गाणारे गृहस्थ. पंक, म्हणजे वेगवान, कर्कश, साधंसोपं रॉक, हे त्यांचं संगीत नव्हे. तरी १९७९ मध्ये बॅड ब्रेन्स हा पंक बँड त्यांच्याकडे येऊन वाजवून गेला. त्या टेप १९९६ पर्यंत तशाच पडून होत्या, मग ‘ब्लॅक डॉट्स’ नावाने आल्या.

खरी गोष्ट १९७९ च्या पुढच्या वर्षाची. टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता. त्यात इयन मॅकाय बास वाजवायचा आणि जेफ नेल्सन ड्रम्स. १९८० च्या सुरुवातीला ही पोरं एका व्यावसायिक स्टुडिओत गेली होती. तिथला इंजिनिअर त्यांचं वाजवणं ऐकून त्यांच्या तोंडावर हसला. अठरा वर्षांच्या मुलाला ते किती लागत असेल, हे बँडमध्ये वाजवलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. मग जवळच्या रॉकव्हिल गावातल्या रेकॉर्डच्या दुकानाचे मालक स्किप ग्रॉफ यांच्या मदतीने ती इनर इअरमध्ये आली. झिएन्टारा हसले नाहीत. त्यांनी माइक लावले आणि टेप सुरू केली. माझ्या मते या स्टुडिओचा सगळा इतिहास इथून निघतो. यंत्रांचा नंबर त्यानंतर.

रेकॉर्ड बाहेर यायच्या आतच बँड मोडला. कार्यक्रमांतून साठलेले सहाएकशे डॉलर होते. ते वाटून न घेता त्यांनी सात इंची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. कव्हर कसं करतात हे कुणाला माहीत होतं? एका विलायती रेकॉर्डचं कव्हर त्यांनी उसवून सपाट केलं, त्यावरून आकार काढून घेतला, तसे कागद छापून आणले. मग मित्रमंडळी जमवून कात्रीने कापायचं, दुमडायचं, डिंकाने चिकटवायचं. अशा हजार प्रती. डिसेंबर १९८० मध्ये ती रेकॉर्ड आली आणि त्यातून डिसकॉर्ड रेकॉर्ड्स हे त्यांचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल उभं राहिलं. आज चाळीस वर्षांहून जास्त काळ ते स्वतंत्रपणे चालू आहे.

आता तंत्राबद्दल, कारण तुम्हाला त्याचीच जास्त काळजी दिसतेय. सुरुवातीला झिएन्टारांकडे चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे नोंदवणारं टेप मशीन होतं. चार ट्रॅक म्हणजे ड्रम्स, बास, गिटार आणि आवाज एवढ्यातच ते भरलं. जास्तीचं काही हवं असेल तर आधीचे ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे. एकदा उतरवले की ड्रम्सचा आवाज नंतर वेगळा वाढवता येत नाही, आणि दर उतरवणीला टेपची खरखर वाढते. म्हणून वाजवतानाच सगळं बसलेलं हवं. पोरं तालीम करून यायची आणि एकत्र वाजवायची. एप्रिल १९८१ मध्ये मॅकाय आणि नेल्सन यांच्या पुढच्या बँडने, मायनर थ्रेटने, इथेच पहिली आठ गाणी केली. आठही मिळून नऊ मिनिटांच्या आसपास! त्यात कुठेही नंतर चिकटवलेलं काही जाणवत नाही, एका खोलीत चौघे भिडलेले ऐकू येतात. हल्ली फोनवरसुद्धा चारांहून जास्त ट्रॅक मिळतात, पण ती तालीम मिळत नाही.

१९८५ मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड इथे आला. मग मॅकाय आणि त्या बँडचा गी पिचोटो ज्या बँडमध्ये एकत्र आले तो फुगाझी. जून १९८८ मध्ये त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण इथेच झालं, स्टुडिओ तेव्हाही घरातच होता. त्यातलं ‘वेटिंग रूम’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. बँडमधल्या ‘जो लॅली’चा बास सुरू होतो, ड्रम्स आणि गिटार येऊन मिळतात, आणि विसाव्या सेकंदानंतर अचानक सगळं थांबतं. काही सेकंद निव्वळ शांतता. मग सगळे एकदम आत येतात. ही जागा मी कितीदा ऐकली असेल, अजून दर वेळी श्वास अडकतो. ती उभी आहे ती चौघांच्या एकमेकांवरच्या लक्षावर. महागडा माइक तिथे काय करणार?

१९९० मध्ये झिएन्टारांनी स्टुडिओ घरातून हलवून आर्लिंग्टनमध्येच स्वतंत्र जागेत नेला. पुढचा काळ मी भराभर सांगतो. फुगाझीने १९९२ मध्ये शिकागोला जाऊन स्टीव्ह अल्बिनी या नावाजलेल्या ध्वनिमुद्रकाकडे एक अल्बम करून पाहिला, ते काम दोन्ही बाजूंना पटलं नाही, आणि परत येऊन त्यांनी तीच गाणी इनर इअरमध्ये नव्याने केली. २०१४ मध्ये याच भागात वाढलेला गायक-गिटारवादक डेव्ह ग्रोल आपल्या फू फायटर्स या बँडला घेऊन एका गाण्यासाठी इथे आला. २०२१ मध्ये आर्लिंग्टन काउंटीने ती जागा विकत घेतली आणि तिथला स्टुडिओ बंद झाला. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण तोवर या दारातून अमेरिकन स्वतंत्र रॉकची एक अख्खी पिढी गेली होती.

तेव्हा मित्राची खोली घ्याच. जाड रजया, गाद्या, पुस्तकांची कपाटं जे असेल ते भिंतींना लावा. छोट्या खोलीत बास कोपऱ्यात घुमतो, म्हणून अँप (अँप्लिफायर) भिंतीपासून पुढे ओढा. शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवा. आणि रेकॉर्डचं बटण दाबायला असा माणूस बसवा, ज्याला तुमचं संगीत आवडत नसलं तरी चालेल, पण जो तुमचं वाजवणं नीट ऐकेल.