तुमसरचा माल, विझागचा धक्का

प्रश्न : काका, आमचा आजा चिखल्याच्या खदानीत होता. तो म्हणायचा, "माल आपला विझागले जाये, पण पयली खदान त्याइचीच." समुद्रकाठी कुठली आली मँगनीजची खदान? आजा फेकत होता का?
– एक वाचक, ता. तुमसर

उत्तर : नाही बापू, आजा खरंच सांगत होता. भारतात मँगनीजची खोदाई पहिल्यांदा सुरू झाली ती विझागच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या, मागच्या विजयनगरम भागात, १८९२ च्या सुमारास. कोडूर, गरभाम ही तिथली गावं. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे कुदळ पडायला १९०० उजाडलं. कारण साधं आहे. हा दगड वजनाला भारी आणि गिऱ्हाईक विलायतेतले पोलाद कारखाने. त्यांना समुद्र हाकेवर, आपला माल मुंबईपर्यंत रेल्वेनं न्यायचा म्हणजे भाडंच जड.

पण त्यांच्या मालात फॉस्फरस जास्त. तो पोलादात गेला की पोलाद ठिसूळ होतं. आपला माल सरस निघाला आणि बघता बघता मध्य प्रांत (तेव्हा नागपूर-भंडारा त्यातच होतं) पुढे गेला.

आता गंमत बघा. विझागला तेव्हा धक्काच नव्हता. जहाज बाहेर नांगर टाकून उभं राही, माल होड्यांनी जाई. १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम लाईन पूर्ण झाली, १९३३ मध्ये बंदर उघडलं, आणि तिथून परदेशी जाऊ लागला मध्य प्रांताचा मँगनीज! तुमच्या आजाचा माल गोंदिया-रायपूर करत थेट त्या जुन्या खदानींच्या दारावरून गेला.

फर्मोर नावाच्या भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये या सगळ्यावर जाडजूड ग्रंथ काढला. तिकडच्या खडकाला त्यानं कोडूर गावावरून कोडुराइट म्हटलं, इकडच्याला गोंडांवरून गोंडाइट. मी पस्तीस वर्षं खदानीत सर्व्हेची साखळी ओढली, पण पायाखालच्या दगडाला आपल्या गोंडांचं नाव आहे हे मला रिटायर झाल्यावर समजलं. साहेबलोकांनी कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

गारेच्या दगडात (क्वार्ट्झमध्ये) बारीक नारिंगी-तपकिरी खडे दिसले तर तो गोंडाइट समजा. माझी आई निवडीवर होती. काळा माल टोपलीत, हा बाजूला. ती त्याला 'फोकट गोटा' म्हणायची.