जुने भयपट: सुरुवात कुठून करावी

जुने भयपट बघायचे म्हणून 'ड्रॅक्युला' लावलात आणि पंधरा मिनिटांत बंद केलात, यात तुमचं काही चुकलं नाही. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. १९३१ चा तो सिनेमा, बोलपट नुकते आलेले. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे आजच्या कानांना रिकामा वाटतो. तो नंतर बघा.

आधी त्याच वर्षीचा 'फ्रँकेन्स्टाइन' घ्या. जेमतेम सत्तर मिनिटांचा. राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफला त्यात एक वाक्यही नाही, नुसतं गुरगुरणं, तरी शेवटी कीव त्याचीच येते. मग १९४२ चा 'कॅट पीपल'. पैसे बेताचे, म्हणून निर्माता व्हॅल ल्यूटनने श्वापद फारसं दाखवलंच नाही. सावल्या आणि आवाजांवर काम भागवलं. रात्री एकटी बाई रस्त्याने चाललीय, मागे टाचांची टकटक, आणि ती टकटक अचानक थांबते... पुढचं तुम्हीच बघा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- भरदिवसा मोबाइलवर बघणं. निम्मी गंमत अंधारात आहे, खोलीतले दिवे घालवा.
- नंतर रंगवलेली प्रत घेणं. अजिबात नको.
- दर पाच मिनिटांनी दचकायची वाट बघणं. इथे भीती हळूहळू चढते.
- 'बी मूव्ही' म्हणजे टाकाऊ समजणं. एका तिकिटात दोन सिनेमे असत, त्यातला हा कमी खर्चाचा. रबरी राक्षस दिसला तर खुशाल हसा!

वाईट सिनेमांसाठीच गाजलेला दिग्दर्शक एड वुड, त्याच्या वाटेला मात्र इतक्यात जाऊ नका. 'फ्रँकेन्स्टाइन' बघून झाला की कळवा.